दुसऱ्यासाठी जोडलेले हात

"आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." ख्रिस्ती कुटुंबांत याहून अधिक वेळा दिले जाणारे आश्वासन दुसरे क्वचितच असेल. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या अंगणात, ठाण्याच्या वा कल्याणच्या फलाटावर, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, मृताच्या घरून निघताना उंबऱ्यावर, आणि अलीकडे मोबाइलवरील चार शब्दांच्या संदेशातही ते आढळते. ऐकणाऱ्याला त्याने धीर येतो, हे खरे. बोलणाऱ्यालाही आपण काहीतरी केल्याचे समाधान लाभते, हेही खरे. परंतु हे वाक्य उच्चारताना आपण नेमके काय स्वीकारतो? तो केवळ सौजन्याचा एक प्रकार आहे, की ते वचन आहे? आणि वचन असेल तर ते पुरे केव्हा होते? 'आमेन' म्हटल्यावर, की त्यानंतर? या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच येथे हेतू आहे.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्याची प्रथा ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन लिहिले. त्यात उपासनेचे वर्णन करताना ते सांगतात की, नवदीक्षिताला समूहात आणल्यावर सर्वजण स्वतःसाठी, त्याच्यासाठी आणि ठिकठिकाणच्या सर्वांसाठी एकत्र प्रार्थना करीत. पुढे शतकानुशतके ही सामुदायिक विनंती पाश्चात्य उपासनेत मुख्यत्वे गुड फ्रायडेच्या विधीत उरली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ती पुन्हा रविवारच्या मिस्साबलिदानात आणली. प्रवचनानंतर आपण 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' असे म्हणतो, ते त्यामुळे. या प्रार्थनांचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते व सर्व जग, मग संकटग्रस्त आणि सरतेशेवटी आपला स्थानिक समूह. घरी आपण एकट्याने प्रार्थना करतो तेव्हा हा क्रम बहुधा उलटा असतो, आणि पुष्कळदा तो पहिल्याच पायरीवर थांबतो. ख्रिस्तसभा आठवड्यातून एकदा तरी आपल्याला दूरच्या टोकापासून आरंभ करावयास लावते.

आमच्या या ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या परिसरात या प्रथेला एक निराळा अर्थही प्राप्त झाला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. त्या लोहमार्गाच्या आधाराने ही गावे नगरे झाली. येथील धर्मग्रामांत आज वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि तामिळनाडूचे लोक एका बाकावर बसतात. १९८८ मध्ये सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच स्थलांतराचे फळ होय. या कुटुंबांपैकी बहुतेकांचे आप्त दूर गावी. घरात कोणी आजारी पडले तर रात्री दार ठोठवायचे ते शेजाऱ्याचे. अशा वस्तीत छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत किंवा ऑक्टोबर महिन्यातील घरोघरच्या जपमाळेत कोणी आपल्या चिंतेचा उच्चार करतो, तेव्हा तो केवळ देवाला काही सांगत नसतो. आपल्या घरातील गोष्ट तो परक्यांच्या हाती सोपवीत असतो. त्या क्षणापासून ते परके राहत नाहीत.

माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ रोजी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेच्या नोव्हेनास आरंभ झाला. दर बुधवारी तेथे लोटणाऱ्या गर्दीत केवळ ख्रिस्ती नसतात. सर्व धर्मांचे लोक असतात. आपल्या मागण्या आणि उपकारस्मरणे ते चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतात. अशी चिठ्ठी बहुधा स्वतःपुरती नसते. मुलीचे लग्न, भावाची नोकरी, पतीचे व्यसन, नातवाचे दुखणे, असा प्रत्येक चिठ्ठीमागे दुसरा कोणी असतो. या माणसांच्या श्रद्धेस भाबडी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु दुसऱ्याचे दुःख लिहून काढण्यासाठी गर्दीच्या गाडीतून तासभर प्रवास करणारा मनुष्य स्वतःच्या बाहेर काही पावले तरी निश्चितच आलेला असतो.

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. परमेश्वर सर्वज्ञ आहे, तर त्याला सांगण्याची गरज काय? तो परमदयाळू आहे, तर त्याला विनवण्याची गरज काय? आपल्या शब्दांनी त्याचे मन पालटते असे म्हणावे, तर तो आपल्याइतकाच चंचल ठरतो. पालटत नाही असे म्हणावे, तर प्रार्थना व्यर्थ ठरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या कोड्याचे जे उत्तर दिले, त्याचा आशय असा की, ईश्वरी योजनेत केवळ काय घडावे एवढेच ठरलेले नसते. ते कोणत्या कारणांतून घडावे हेही ठरलेले असते. मनुष्याची कृती जशी एक कारण आहे, तशीच त्याची प्रार्थनाही. ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. भात देवच पिकवतो, अशी त्याची श्रद्धा असते. म्हणून तो आषाढात लावणी करावयाचे सोडून बांधावर बसून राहत नाही. देव पिकवतो तो लावणीतून. त्याचप्रमाणे देव एखाद्याला आधार देतो तो कित्येकदा दुसऱ्याच्या प्रार्थनेतून. आपल्यावाचून त्याचे अडते म्हणून नव्हे, तर आपल्या लेकरांनी एकमेकांच्या कल्याणात सहभागी व्हावे अशी त्याची इच्छा आहे म्हणून. संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात याची दुसरी बाजू दाखवली आहे. देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण प्रार्थना करीत नाही. जे देण्यास तो सिद्ध आहे ते घेण्याइतके आपले अंतःकरण प्रार्थनेने रुंद होत जाते. मग दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना हे अंतःकरण कोणासाठी रुंद होते? अर्थातच त्या दुसऱ्यासाठी.

तथापि ही तात्त्विक उत्तरे ज्या ठिकाणी अपुरी पडतात, तेथे आपण गेले पाहिजे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या दोन लोकलगाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला. आपल्या भागातील कोणते घर असे आहे की, ज्यातील मनुष्य त्या मार्गाने जात नाही? सकाळी डबा हातात देताना आई कपाळावर क्रुसाची खूण करते, पत्नी मनात 'नमो मरिया' म्हणते. शेजारचे कोणी देव्हाऱ्यापुढे हात जोडते, कोणी दुवा मागते. त्या दिवशी असंख्य घरांतील माणसे सुखरूप परतली आणि त्या घरांनी देवाचे आभार मानले. ते योग्यच होते. पण ज्या घरांतील मनुष्य परतला नाही, त्या घरांतील प्रार्थना उणी होती काय? 'देवाने आमच्या मुलाला वाचवले' हे वाक्य त्या दुसऱ्या आईच्या कानी पडले, तर तिने त्याचा अर्थ काय घ्यावा?

प्रभू येशूने या प्रश्नाला बगल दिली नाही. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे त्याने लोकांना विचारले आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. अपघातात कोण वाचला आणि कोण गेला, यावरून देवाच्या प्रेमाचा हिशेब मांडण्याचा मार्ग त्याने बंद केला. इतकेच नव्हे, गेथशेमनी बागेत त्याने स्वतः केलेली विनंती, तो प्याला टळावा ही, मान्य झाली नाही. ज्याचे मागणे पित्याने त्या रात्री मान्य केले नाही, त्या पुत्राच्याच नावाने आपण मागतो. तेव्हा प्रार्थना म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे, हे आपल्या श्रद्धेच्या मुळाशीच लिहिलेले आहे.

संत मोनिका यांची कथा या संदर्भात उपयोगी पडते. पुत्राने समुद्रपार जाऊ नये म्हणून त्यांनी कार्थेजच्या किनाऱ्याजवळील प्रार्थनास्थळी रात्रभर अश्रू ढाळले. पुत्र त्याच रात्री त्यांना चकवून निघून गेला. त्या रात्रीचे मागणे नाकारले गेले. परंतु त्याच प्रवासाने ऑगस्टीन मिलान नगरीत संत अँब्रोज यांच्यापर्यंत पोचले आणि इ. स. ३८७ च्या पास्खा सणाला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आईच्या त्या रात्रीच्या मागण्यामागे जे खरे मागणे होते, ते देवाने ऐकले, असे पुत्राने पुढे लिहून ठेवले. सर्वच मातांना असा शेवट पाहावयास मिळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मुंब्र्याच्या रुळांवर मुलगा गमावलेल्या आईला ही कथा ऐकवणे क्रूरपणाचे होईल. तिला उत्तराची नव्हे, सोबतीची गरज आहे. म्हणून ज्याचा मनुष्य सुखरूप परतला, त्याची कृतज्ञता खरी असेल तर ती ज्या घरी दिवा विझला त्या घराकडे वळते. जी कृतज्ञता आपल्याच दाराशी कडी लावून बसते, ती नुसते सुटकेचे समाधान होय.

यातूनच प्रार्थना आणि कृती यांचा संबंध समोर येतो. संत याकोब यांनी आपल्या पत्रात एक बोचरे उदाहरण दिले आहे. उघड्या व भुकेल्या भावाला शुभेच्छा देऊन वाटेला लावायचे आणि वस्त्र वा अन्न द्यायचे नाही, याचा उपयोग काय? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. पुन्हा २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या एका कारखान्यात तसाच भीषण स्फोट झाला. दोन्ही वेळा माणसे होरपळून मेली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा बातमीनंतर 'त्यांच्यासाठी प्रार्थना करू या' हे शब्द आपल्या ओठी येतात आणि ते आलेच पाहिजेत. पण जे मनुष्यांच्या हाती होते, ते देवाच्या हाती सोपवून आपण मोकळे झालो, तर ती प्रार्थना नव्हे, पळवाट होय. मृतांच्या शांतीसाठी मागणाऱ्याने जिवंत कामगारांच्या सुरक्षिततेची विचारणाही करावी लागते. राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळावी अशी याचना करणाऱ्याला नागरिक म्हणून त्यांना निवेदन देण्याचा कंटाळा करता येत नाही. प्रार्थनेत ज्याचे नाव आपण देवासमोर उच्चारले, त्याच्याविषयी माणसांसमोर मौन पाळणे शोभत नाही.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात चौघांनी एका पक्षाघाती मनुष्याला उचलून आणल्याची हकिकत आहे. गर्दीमुळे आत शिरता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उकलले आणि खाट खाली सोडली. येशूने पाहिला तो त्या चौघांचा विश्वास, असे शुभवर्तमानकार सांगतो. त्या चौघांनी तोंडाने काय प्रार्थना केली, याची नोंद नाही. खाट उचलणे आणि कवले बाजूला करणे हीच त्यांची मध्यस्थी. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी जी संस्था सुरू केली व जी संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने आज जगभरच्या धर्मग्रामांत ओळखली जाते, तिचा क्रमही असाच आहे. बैठकीचा आरंभ प्रार्थनेने, शेवट प्रार्थनेने आणि मध्ये गरिबांच्या घरी प्रत्यक्ष जाणे. त्यातून कोणतेही एक वगळले की उरलेले दुबळे होते. नुसती भेट लवकरच थकते किंवा उपकाराचा तोरा मिरवू लागते. नुसती प्रार्थना लवकरच धुरासारखी विरते.

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला आणखी एक धोका असतो, आणि तो धार्मिक माणसांनाच अधिक असतो. 'देवा, माझ्या सुनेला सुबुद्धी दे' किंवा 'आमच्या शेजाऱ्याचे डोळे उघड' ही वरवर मध्यस्थी असली, तरी आत पुष्कळदा निवाडा असतो. मंदिरात उभा राहून जकातदाराकडे बोट दाखवणारा परूशीही प्रार्थनाच करीत होता. सबंध ख्रिस्तसभेलाही हे शिकावे लागले आहे. गुड फ्रायडेच्या ज्यू लोकांसाठीच्या प्रार्थनेत त्यांना हीन लेखणारा शब्द पिढ्यान्‌पिढ्या म्हटला जात होता. पोप तेविसावे जॉन यांनी तो १९५९ मध्ये काढून टाकला आणि १९७० च्या मिस्साग्रंथात ती प्रार्थनाच नव्याने, आदराच्या भाषेत मांडली गेली. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो, त्याने ती ऐकली तर त्याची मान खाली जाईल की त्याला आधार वाटेल, ही कसोटी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी.

या बाबतीत मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. ज्ञानदेवांचे पसायदान आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे आणि सत्कर्माची ओढ वाढावी, असे मागितले आहे. शत्रूसाठी प्रार्थना करण्याची प्रभू येशूची आज्ञा आपल्या मातीत परकी नाही, याची ही साक्ष होय. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये चौदा वर्षांच्या तेरेझा नावाच्या मुलीने प्रान्झिनी या तिहेरी खुनाच्या गुन्हेगारासाठी, ज्याचा सारे वृत्तपत्रवाचक तिरस्कार करीत होते त्याच्यासाठी, प्रार्थना आरंभली. वधस्तंभाच्या क्षणी त्याने क्रुसाचे चुंबन घेतल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले. त्याला ती आपले पहिले लेकरू मानू लागली. पुढे मठाच्या भिंतीबाहेर न गेलेल्या या धर्मभगिनीला १९२७ मध्ये पोपमहोदयांनी मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. जगाने टाकलेल्या माणसाला 'माझा' म्हणणे, हा तिच्या मध्यस्थीचा गाभा होता.

आपल्या ठाण्याच्या भूमीतही 'माझा' या शब्दाची मर्यादा ओलांडणारी एक आठवण आहे. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती येथे ठार केले गेले. त्यांना ठाण्यात आसरा दिला होता तो एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने, म्हणजे ज्यांच्याशी त्यांच्या रोमन परंपरेचे मतभेद होते त्यांनी. त्या काळी अशी पंधरा घरे ठाण्यात होती, असे पुढे आलेले प्रवासी ओडोरिक लिहितात. मृतांचे देह डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी सोपाऱ्यास नेऊन पुरले, आणि नंतर ओडोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत वाहून नेल्या. यजमान एका परंपरेचे, पाहुणे दुसऱ्या, पुरणारे तिसऱ्या संघाचे. 'संतांची संगती' असे आपण श्रद्धासूत्रात म्हणतो, तिचा अर्थ हाच की, जिवंत जिवंतांसाठी, जिवंत मृतांसाठी आणि मृत जिवंतांसाठी देवासमोर उभे असतात. त्या रांगेत उभे राहण्यासाठी रक्ताचे, भाषेचे वा पंथाचे नाते दाखवावे लागत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शमुवेल संदेष्टा वृद्धपणी लोकांचा निरोप घेताना म्हणतो त्याचा भावार्थ असा की, तुमच्यासाठी प्रार्थना करणे मी सोडले तर तो माझ्याकडून देवाविरुद्ध अपराध होईल. ज्या लोकांनी त्याचे ऐकले नव्हते, त्यांच्याविषयी तो हे बोलतो. म्हणजे मध्यस्थी हे सौजन्य नव्हे. ते ऋण आहे. 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू' असे म्हणणारा आपल्या नावावर काहीतरी लिहून घेतो. म्हणून हे वाक्य वाटेल तेव्हा उधळण्यापेक्षा थोड्या वेळा म्हणावे आणि पाळावे. शक्य असेल तर ते म्हटल्यावर तेथेच उभे राहून, त्या माणसाचे नाव घेऊन, अर्धा मिनिट प्रार्थना करावी. रात्री कुटुंबाच्या जपमाळेत ते नाव पुन्हा घ्यावे, म्हणजे लहान मुलेही विचारतील, "ते काका आता कसे आहेत?" आणि त्या मुलांना उत्तर देता यावे म्हणून तरी आठवड्याने त्या काकांच्या घरी जावे.

असे करताना आपण थकू, हेही खरे. मोशे टेकडीवर हात उंचावून आपल्या लोकांसाठी उभा राहिला, तेव्हा त्याचेही हात जड झाले. मग अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने, सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणारे, परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारे, व्यसनी भावासाठी मेणबत्ती लावून लावून आशा संपत आलेले कित्येक जण आहेत. त्यांनी आजवर पुष्कळांसाठी हात जोडले. आता त्यांचे हात धरण्याची पाळी आपली आहे.